पानाच्या पाठीवरचा कारभार

कोल्हापूर जिल्ह्याच्या समृद्धीचा उगम शोधू जाणारा मनुष्य बहुधा पाण्यापाशी येऊन थांबतो, आणि ते यथायोग्यच आहे. कारण राजर्षी शाहू छत्रपतींनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भोगावतीवर राधानगरीच्या धरणाचे काम हाती घेतले, पुढे नद्यांच्या पात्रांत फळ्या घालून पाणी अडवणारे जे बंधारे जागोजाग उभे राहिले त्यांना साऱ्या महाराष्ट्राने ‘कोल्हापूर पद्धतीचे’ हेच नाव दिले, आणि उपसा सिंचनाच्या नळांनी ते पाणी नदीकाठ सोडून माळावर चढवले, तेव्हापासून या मुलखात चैत्र-वैशाखाच्या उन्हातही रान हिरवे दिसू लागले. या हिरवेपणाचे गुणगान पुष्कळ झाले आहे. त्याची एक बाजू मात्र सहसा कोणी मांडत नाही. ज्या जिवाला बारा महिने कोवळे पान हवे असते, आणि ऊन जितके कडक व हवा जितकी कोरडी तितका ज्याचा वंश वेगाने वाढतो, त्याचीही सोय या पाण्याने आपसूक झाली. तो जीव म्हणजे भाजीपाल्यावरचा आणि फुलझाडांवरचा लाल कोळी.

हा कोळी पाहण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. शिरोळ तालुक्यात कृष्णेच्या काठाने होळीनंतर कोणत्याही वांग्याच्या रानात शिरावे, ज्या झाडाच्या पानांवर वरच्या बाजूने बारीक पिवळट ठिपके उमटले आहेत त्याचे एक मधले पान खुडावे आणि उलटे धरावे. नुसत्या डोळ्यांना शिरांच्या बेचक्यांत धूळ साचल्याचा भास होतो; पण दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग त्यावर धरले की ती धूळ चालू लागते. विरळ धाग्यांच्या जाळीखाली फिकट पिवळ्या-हिरव्या अंगाच्या, दोन्ही कुशींवर एकेक काळा डाग असलेल्या माद्या पानात तोंड खुपसून बसलेल्या असतात. त्यांच्याभोवती वाटोळी पारदर्शक अंडी, टाकून दिलेल्या कातींचे पांढरे कण आणि नुकतीच निघालेली सहा पायांची पिले. याच पानावर, दैव अनुकूल असेल तर, आणखी एक प्राणी दिसतो. तो स्वस्थ बसत नाही. अंगाने चकचकीत, मागे फुगीर व पुढे निमुळता, वर्णाने पिवळसर-तांबूस असा तो लांब पायांनी शिरेच्या कडेकडेने धावत येतो, पुढचे दोन पाय हवेत चाचपत एखाद्या अंड्याशी थबकतो, आणि थोड्या वेळाने त्या अंड्याचे रिकामे कवच मागे टाकून पुढच्या अंड्याकडे निघतो. हा परभक्षी कोळी. नुकतीच फवारणी झालेल्या रानातली पाने मी जेव्हा जेव्हा उलटी करून पाहिली, तेव्हा हा दुसरा प्राणी मला क्वचितच भेटला. पहिला मात्र यथास्थित नांदत होता.

असे का व्हावे, याचा उलगडा करण्यापूर्वी कोळ्याची कुळकथा थोडी सांगितली पाहिजे. कोळी हा कीटक नाही. प्रौढ कोळ्याला आठ पाय असतात. भिंतीवरचा जाळे विणणारा कोळी, गोचीड आणि विंचू हे त्याचे सगोत्र, आणि मावा, तुडतुडे, फुलकिडे या सहा पायांच्या मंडळींशी त्याचा संबंध दूरचा. सबब, कीटकांच्या मज्जासंस्थेवर आघात करण्यासाठी बनवलेले औषध त्याला लागू पडेलच, अशी हमी नाही. भाजी, गुलाब, कापूस, पपई अशा शेकडो वनस्पतींवर जगणारी जी जात जगभर कुप्रसिद्ध आहे, ती टेट्रानिकस युर्टिकी, अर्थात दोन ठिपक्यांचा कोळी; कोख या जर्मन शास्त्रज्ञाने 1836 साली तिचे वर्णन करून ठेवले. अंगलट अर्ध्या मिलिमीटरची. तिशीच्या आसपास तापमान असले की अंड्यापासून प्रौढावस्था गाठायला तिला आठवडा-दहा दिवस पुरतात, आणि एक मादी आपल्या अल्पायुष्यात शंभराच्या घरात अंडी घालू शकते. त्यातही एक विलक्षण तरतूद आहे. नराशी संग न झालेल्या मादीच्या अंड्यांतून नर निपजतात आणि त्यांच्या ठायी गुणसूत्रांचा एकच संच असतो; म्हणून औषधाला दाद न देणारा एखादा गुण वंशात उपजला तर तो दुसऱ्या संचाआड दडून राहत नाही, नरांत तत्काळ उघडा पडतो, निवडला जातो आणि काही पिढ्यांत साऱ्या वस्तीचा होऊन बसतो. आजवर नव्वदांहून अधिक विषारी द्रव्यांना या एका जातीने कोठे ना कोठे तोंड देऊन दाखवले आहे. 2011 साली तिचा संपूर्ण जनुकीय आलेख प्रसिद्ध झाला, तेव्हा जीवाणू आणि बुरशी यांच्याकडून उचललेली जनुकेही तीत सापडली. वनस्पतींनी आत्मरक्षणासाठी पानांत साठवलेली नाना विषे पचवीत आलेल्या प्राण्याला कारखान्यातले विष पचवायला शिकणे फार अवघड जाऊ नये, यात नवल ते काय?

परभक्षी कोळ्याच्या वाट्याला हे सामर्थ्य तितकेसे आलेले नाही. तो पानातील विषे खात नाही, पाने खाणाऱ्याला खातो. विष पचवण्याचा सराव त्याच्या कुळाला कमी. आपल्याकडे, विशेषतः दक्षिण आशियात, निओसियुलस लाँजिस्पिनोसस ही त्याची देशी जात भाजीपाल्यावर सहज आढळते. युरोपातील हरितगृहांत गाजलेली फायटोसियुलस पर्सिमिलिस ही जात 1957 मध्ये अल्जीरियातून वर्णिली गेली, आणि दुसऱ्याच वर्षी चिलीहून जर्मनीत आलेल्या ऑर्किडांवर ती पुन्हा सापडली. तिचा प्रौढ दिवसाकाठी पाच ते वीस भक्ष्ये, अंडी धरून, फस्त करतो. या प्राण्यांना डोळे नसतात. तरीही ते भक्ष्याने भरलेले नेमके झाड शोधून काढतात, कारण कोळ्याने पोखरलेले पान हवेत विशिष्ट गंधद्रव्ये सोडते आणि त्या गंधाच्या मागावर परभक्षी येतो. 1980 नंतरच्या दशकात नेदरलँड्समधील संशोधकांनी हे प्रयोगाने सिद्ध केले. म्हणजे झाड स्वतःच वर्दी देते. या धावत्या शिपायांखेरीज मोहरीच्या दाण्याहून लहान, काळाभोर स्टेथोरस नावाचा ढालकिडा आणि कोळी खाणाऱ्या फुलकिड्यांच्या काही जाती याही त्याच कामावर असतात. शेतकरी यांना ओळखत नाही. आणि ओळखणार तरी कसा, कारण भिंग त्याच्या हाती कोणी दिलेलेच नाही.

आता फवारणीकडे वळू. वांग्याचा खरा दुष्मन कोळी नव्हेच. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी हा तो दुष्मन, आणि पोखरलेले वांगे सौद्यात कोणी हातात धरत नाही. अळी एकदा फळाच्या आत शिरली की औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणून शेतकरी ती शिरण्यापूर्वीच मारावी या हिशेबाने वरचेवर फवारतो. त्यासाठी स्वस्त आणि हुकमी म्हणून सायपरमेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड वर्गातील औषधे वापरली जातात. पांढरी माशी व तुडतुडे दिसले की इमिडाक्लोप्रिड येते. कोळी यांपैकी कोणत्याही फवारणीचे लक्ष्य नसतो. पण पायरेथ्रॉइडने परभक्षी कोळी मरतात आणि पानावर उरलेला त्याचा अंश पुढे कित्येक दिवस, कधी काही आठवडे, नव्याने येणाऱ्या परभक्षींनाही जगू देत नाही. दुसरीकडे, पाने खाणारा कोळी त्या औषधाने अस्वस्थ होऊन पसरतो. एका झाडावर गर्दीने राहणारी वस्ती उठून दहा झाडांवर जाते, आणि नव्या, मोकळ्या पानावर प्रत्येक मादीला भरपूर अन्न मिळून अंडी अधिक पडतात. इमिडाक्लोप्रिडच्या बाबतीत तर 2002 साली जेम्स आणि प्राइस या दोघा संशोधकांनी असे दाखवले की औषध घेतलेल्या माद्या न घेतलेल्या माद्यांहून जास्त अंडी घालतात. पुढे इतरांच्या काही प्रयोगांत तो परिणाम आढळला नाही, तेव्हा त्यावर फार भार टाकण्याचे कारण नाही. परभक्षींचा संहार मात्र वादातीत आहे. चोर धरण्यासाठी गावात शिरलेल्या फौजेने वेशीवरचा जागल्याच आधी कापून काढावा, तसा हा बंदोबस्त.

यापेक्षा सूक्ष्म असा आणखी एक अन्याय या व्यवस्थेत आहे. समजा, कोळी मारण्यासाठीच बनवलेले एखादे औषध फवारले आणि त्याने शंभरांतले पंच्याण्णव कोळी व शंभरांतले पंच्याण्णव परभक्षी मेले. कागदावर हा सौदा बरोबरीचा दिसतो. पण उरलेल्या पाच कोळ्यांपुढे हिरवेगार पान पसरलेले असते आणि उरलेल्या पाच परभक्षींपुढे अन्नच नसते. ते उपाशी मरतात किंवा रान सोडून जातात, आणि ते परत येईपर्यंत कोळ्याच्या दोन-तीन पिढ्या निर्वेध निघून जातात. पंधरा दिवसांनी रान पूर्वीपेक्षा अधिक तांबडे दिसते, आणि शेतकरी दुकानदाराला सांगतो की औषध ‘डुप्लिकेट’ निघाले. कधी ते निघतेही. पण बहुतेक वेळा औषध अस्सल असते; मागच्या वेळच्या फवारणीत काय गमावले, याची खतावणी कोणी ठेवलेली नसते, एवढेच.

हा अनुभव आपल्याच भाळी आला असे नाही. पॉल म्यूलर याने 1939 साली डीडीटीचे कीटकनाशक सामर्थ्य ओळखले आणि 1948 मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच सुमारास युरोप आणि उत्तर अमेरिकेतील सफरचंदांच्या बागांत, जेथे तांबडा कोळी पूर्वी फारसा कोणाच्या खिजगणतीत नव्हता, तेथे तो पहिल्या क्रमांकाची कीड होऊन बसला. कॅलिफोर्नियात 1888-89 साली ऑस्ट्रेलियातून आणलेल्या ढालकिड्याने लिंबूवर्गीय बागांतील कापशी खवल्याचा नायनाट केला होता आणि अर्धशतकाहून अधिक काळ त्या खवल्याने डोके वर काढले नव्हते. डीडीटीची फवारणी सुरू झाल्यावर ढालकिडा मेला आणि खवला परतला. मग कोळी मारण्यासाठी खास द्रव्ये निघाली. त्यांतले डायकोफॉल डीडीटीपासूनच तयार होई: म्हणजे एका विषाने आणलेले संकट निवारण्यासाठी त्याच विषाचा चुलत भाऊ पुढे केला गेला. डायकोफॉलने आपल्या देशातही दीर्घकाळ अंमल गाजवला. 2019 मध्ये स्टॉकहोम कराराने त्याला वर्ज्य द्रव्यांच्या यादीत घातले आणि 2023 साली भारत सरकारच्या आदेशाने त्यावर बंदी आली. त्याची जागा रिकामी राहिली, असे मात्र समजू नये. प्रोपरगाइट, फेनाझाक्विन, स्पायरोमेसिफेन, अबामेक्टिन, हेक्झिथायाझॉक्स, फेनपायरॉक्झिमेट अशी मोठी मालिका आज कोळीनाशक म्हणून दुकानाच्या फळीवर उभी आहे.

ही सारी औषधे परभक्षींच्या बाबतीत सारख्याच दर्जाची आहेत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. हेक्झिथायाझॉक्स कोळ्याची अंडी आणि पिले मारते, पण परभक्षी कोळ्याला त्या मानाने फारसा धक्का लावत नाही. अबामेक्टिन अंगावर पडले तर परभक्षीही मरतो, तथापि पानाच्या पृष्ठावरील त्याचा अंश उन्हात लवकर निकामी होत असल्याने काही दिवसांनी सोडलेले परभक्षी तगू शकतात. गंधक जुने आणि स्वस्त. भुरीवर व कोळ्यावर असा त्याचा दुहेरी उपयोग. पण पुनःपुन्हा फवारल्यास परभक्षींच्या काही जातींना तेही मानवत नाही. हा तरतमभाव युरोपात व्यवस्थित नोंदवला जातो: जैविक नियंत्रणाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या कार्यगटाने प्रयोगशाळेतील चाचणीसाठी चार वर्ग ठरवले असून, मित्रकीटकांवरचा परिणाम तीस टक्क्यांच्या आत असलेले औषध निरुपद्रवी आणि नव्व्याण्णव टक्क्यांच्या वर गेलेले हानिकारक गणले जाते.

आपल्या बाटलीवर काय असते? एक रंगीत त्रिकोण असतो. कीटकनाशक कायदा 1968 चा आणि त्याखालचे नियम 1971 चे; त्या नियमांनुसार लाल, पिवळा, निळा आणि हिरवा अशा चार रंगांनी विषाची तीव्रता दर्शवली जाते, आणि ही तीव्रता मनुष्याला असलेल्या धोक्याची. फवारणाऱ्याच्या जिवाची काळजी वाहणारा हा त्रिकोण अत्यंत आवश्यक आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु ज्या शेतकऱ्याला एवढी अक्षरओळख आहे की हिरवा त्रिकोण म्हणजे सौम्य, तो स्वाभाविकपणे असेच समजतो की हे औषध सर्वांनाच सौम्य. आणि परभक्षी कोळ्याची हिरव्या त्रिकोणाखालीही कत्तल होऊ शकते, हे त्या त्रिकोणातून कळण्याचा मार्ग नाही.

वस्तुतः शेतकरी बाटली वाचतच नाही, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यांत कृषी पदवीधरही असतात. हा आक्षेप मला अर्धवट वाटतो. औषध कोणते घ्यायचे हे दुकानात ठरते, आणि दुकान हे या मुलखात केवळ विक्रीचे ठिकाण नसून सल्लागाराचे, सावकाराचे आणि वैद्याचेही ठिकाण आहे. शेतकरी मोडलेले पान खिशातून काढून गल्ल्यावर ठेवतो. दुकानदार पान पाहतो, फळीवरून एक-दोन, कधी तीन बाटल्या उतरवतो आणि ‘पंपाला एक टोपण’ असे प्रमाण सांगतो. नोंद उधारीच्या वहीत होते, आणि ज्याच्या घरी ऊस आहे त्याची उधारी कारखान्याच्या बिलावर फिटते. त्या टोपणाने मोजलेली दोन-तीन औषधे, वर एखादे टॉनिक, हे सारे पाठीवरच्या पंपात एकत्र घुसळले जाते. या मिश्रणात कोणते द्रव्य कोणाला मारते, हे सांगणे शास्त्रज्ञालाही कठीण. दुकानदाराला दोष देऊन भागत नाही. बाटली न देता ‘अजून चार दिवस थांबा’ असा सल्ला देणाऱ्या दुकानाचे भाडे कोण भरणार?

या ठिकाणी उसाची हकिगत सांगणे प्राप्त आहे, कारण याच जिल्ह्याने मित्रकीटकांवर विसंबून एक मोठे संकट परतवलेले आहे आणि ती गोष्ट तुलनेने अलीकडची आहे. 2002 च्या जुलैमध्ये सांगली जिल्ह्यातील उसावर लोकरी मावा प्रकट झाला. ईशान्य भारतात तो पूर्वीपासून होता, महाराष्ट्राला अपरिचित. पानाच्या पाठीवर पांढऱ्या मेणचट लोकरीचे थर, खालच्या पानांवर त्याच्या गोड विष्ठेचा चिकट सडा, आणि त्या चिकट्यावर चढलेली काळी बुरशी, असे त्याचे स्वरूप. बघता बघता तो कोल्हापूर, सातारा, सोलापूर, पुणे आणि सीमेपलीकडे कर्नाटकात पोहोचला. 2003-04 च्या गळीत हंगामात राज्याचे साखर उत्पादन आदल्या हंगामाच्या जवळजवळ निम्म्यावर आले; त्यात दुष्काळाचा वाटा मोठा, पण माव्याचाही होता. प्रथम जे झाले ते अपेक्षित असेच होते: औषधे सुचवली गेली, पंप बाहेर निघाले, भुकटी धुरळली गेली. पण ऊस हे पीक वांग्यासारखे कमरेएवढे नाही. सात-आठ महिन्यांच्या गुंतलेल्या, लोळलेल्या फडात पंप घेऊन शिरणे हे माणसाच्या आवाक्याबाहेरचे काम. शिरलाच तर पात्याने अंग कापते आणि फवारा डोक्यावरच्या पानाच्या पाठीला पोहोचत नाही. फवारणीची ही असमर्थता हेच उसाचे भाग्य ठरले, असे माझे मत आहे.

कारण त्या न फवारलेल्या फडांत माव्याच्या पाठोपाठ त्याचे भक्षकही वाढत होते. डिफा ॲफिडिव्होरा या पतंगाची अळी, जिला शेतकरी जुन्या शास्त्रीय नावाने ‘कोनोबाथ्रा’ म्हणू लागले, ती पानावर रेशमी आडोसा विणून त्याखाली मावा खात पुढे सरके. मायक्रोमस इगोरोटस या तपकिरी जाळीदार पंखांच्या कीटकाच्या अळ्या, आणि काही फुलमाश्यांच्या अळ्याही त्याच उद्योगाला लागल्या. पुढे आसामकडून बंगळुरूच्या जैविक नियंत्रण प्रकल्प संचालनालयामार्फत एन्कार्सिया फ्लॅव्होस्क्युटेलम ही माव्याच्या पोटात अंडे घालणारी सूक्ष्म गांधीलमाशी आणवली गेली आणि ती इकडे स्थिरावली. हेक्टरी एक हजार डिफाच्या किंवा अडीच हजार मायक्रोमसच्या अळ्या सोडाव्यात, अशी शिफारस गावोगाव पोहोचली. अळ्या असलेले पानाचे तुकडे मावाग्रस्त पानांना टाचले जाऊ लागले. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, कृषी विद्यापीठे, पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र आणि कारखान्यांची शेती खाती या कामात उतरली. ज्या शेतकऱ्याने जन्मात अळी म्हटली की पंप उचलला, तो आता ‘ही अळी मारू नका, ही आपली आहे’ असे शेजाऱ्याला बजावू लागला. हे परिवर्तन साधे नव्हे. दोन-तीन वर्षांत मावा आटोक्यात आला, आणि आजही तो अधूनमधून दिसला तरी पूर्वीचा हाहाकार उठत नाही.

घाटाखाली याच्या थोडे आधी दुसरे प्रकरण घडले होते, आणि ते कोळ्याचेच होते. 1998 साली केरळात आढळलेला नारळावरचा इरिओफाइड कोळी पुढे कोकणातही आला. हा कोळी नारळाच्या देठाखालच्या पाकळ्यांआड राहतो, जिथे फवारा पोहोचत नाही. म्हणून मुळावाटे औषध पाजण्याचा खटाटोप झाला, आणि खाण्याच्या फळाच्या झाडाला विष पाजण्याचे जे भय असते तेही त्यासोबत आले. त्या पाकळ्यांआडच निओसियुलस कुळातला परभक्षी कोळी आणि कोळ्याला रोग आणणारी बुरशी, हेही वस्तीला होते. कोकणातला नारळ जगला. त्याचे श्रेय कोणाला किती द्यावे, यावर शास्त्रज्ञांत चर्चा होऊ शकते. पाजलेल्या औषधाला ते सारे देण्यास मात्र कोणी धजणार नाही.

आणि आता या प्रश्नाचे सर्वांत अवघड रूप शिरोळ तालुक्यातील हरितगृहांत आहे. गुलाब आणि जरबेरा यांच्या प्लॅस्टिकच्या छपराखाली पाऊस पडत नाही. उघड्या रानात आषाढाच्या सरी जे कोळी धुऊन नेतात, त्यांना आत अभय असते. गुलाबाच्या झाडाच्या खालच्या फांद्या वाकवून जे ‘बेंडिंग’ करतात, त्या दाट पसाऱ्यात फवाऱ्याचे तोंड वळत नाही आणि कोळ्याला कायमचा आश्रय मिळतो. विक्रीच्या फुलाच्या दांडीवरचे पान डागाळलेले चालत नाही. त्यामुळे येथे कोळीनाशकांची आवर्तने उघड्या रानापेक्षा दाट पडतात. नेदरलँड्समध्ये नेमक्या याच कोंडीतून यान कोप्पर्ट नावाच्या काकडी पिकवणाऱ्या शेतकऱ्याने वाट काढली. औषधांनी स्वतःची प्रकृती बिघडलेल्या या गृहस्थाने परभक्षी कोळी सोडून पाहिले, ते लागू पडले, आणि 1967 साली त्याने ते विकण्याचाच व्यवसाय आरंभला. आपल्याकडे हरितगृहाची चौकट, ठिबक, रोपे आणि खते यांची आयात मोठ्या उत्साहाने झाली. त्या चौकटीच्या आत राबणारा हा आठ पायांचा नोकर मात्र त्या यादीत सहसा नसतो. आर्द्रता राखणे, पानांच्या पाठीवर पाण्याचा झोत मारणे, तणांचे आश्रयस्थान काढणे, वाटेवरची धूळ उडू न देणे, हे उपाय माहीत नाहीत असे नाही. धुळीचे तर विशेष आहे: हंगामात उसाच्या गाड्या आणि ट्रॅक्टर ज्या कच्च्या रस्त्याने जातात, त्याच्या कडेच्या भाजीवर कोळी अधिक, कारण धूळ परभक्षीला मानवत नाही.

उसात जे साधले ते वांग्यात आणि गुलाबात का साधू नये, हा प्रश्न मग उरतोच. शास्त्र तेच आहे, शेतकरीही बहुधा तोच आहे. पुष्कळदा एकाच बांधाच्या अलीकडे ऊस आणि पलीकडे वांगी अशी मांडणी असते. फरक मालकीचा आहे. उसाच्या पानावरचा मावा हा कारखान्याच्या गाळपाचा प्रश्न होता. गाळप घटले तर संचालक मंडळापासून चिटबॉयपर्यंत सर्वांना त्याची झळ लागणार होती, म्हणून एक मोठी संघटित यंत्रणा पगारी माणसांसह त्या अळीच्या मागे उभी राहिली. वांग्याच्या पानावरचा कोळी कोणाचाच प्रश्न नाही. पाटीत भरलेले वांगे पहाटे कोल्हापूरच्या मार्केट यार्डात उतरते, सौदा होतो, आणि तो शेतकरी एकटा बाहेर पडून पुन्हा त्याच दुकानात जातो, जिथे त्याच्या उधारीचे पान उघडे असते.

बाजार समिती सौद्यांवर बाजार फी वसूल करते, आणि तिचा हिशेब छापील अहवालात येतो. भिंग घेऊन आठवड्यातून एकदा रानोरान फिरणारी, वीस पाने उलटून कोळी किती आणि परभक्षी किती ते मोजणारी, आणि दहा कोळ्यांमागे एखादा परभक्षी आढळला तर ‘थांबा’ असे सांगण्याचा अधिकार असलेली दोन-चार मुले नेमण्याइतका पैसा कोणत्याही समितीला जड जाऊ नये. कोल्हापुरात कृषी महाविद्यालय आहे; अशी मुले तेथून दरवर्षी पदवी घेऊन बाहेर पडतात, आणि त्यांतली पुष्कळशी त्याच औषधांच्या कंपन्यांत विक्री प्रतिनिधी म्हणून लागतात.